भोंगा उतरवल्यानंतरची जत्रा : एका गावच्या दशावताराचे प्रकरण

पार्श्वभूमी

वेंगुर्ले तालुक्याच्या किनारपट्टीवरील एका गावात सलग तीन जत्रांमध्ये जे घडले, त्याची ही नोंद आहे. गावाचे, देवस्थानाचे आणि दशावतारी मंडळीचे नाव मुद्दाम दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत. त्या काळात मी देवस्थानाच्या स्थानिक उपसमितीचा पत्रव्यवहार पाहत होतो. त्यामुळे पुढे आलेल्या निर्णयांपैकी काहींची, विशेषतः चुकलेल्या निर्णयाची, जबाबदारी माझ्याकडेही येते.

जत्रा मार्गशीर्षात भरते. दिवसभर देवीच्या ओट्या भरल्या जातात, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि माहेरवाशिणी नवस फेडतात, देवळाबाहेरच्या पाणंदीत खाज्याची आणि खेळण्यांची दुकाने लागतात. रात्री अकराच्या सुमारास पालखी देवळाभोवती फिरते आणि ती आत गेली की सभामंडपात दशावतार उभा राहतो. पहाटे दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद हातावर पडतो आणि मगच जत्रा पार पडली असे मानतात. म्हणूनच जत्रेतल्या या नाटकाला दहीकाला असेही म्हटले जाते. तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगाचे हिशेब येथे लागू पडत नाहीत, कारण हे नाटक देवीच्या उत्सवाचाच एक विधी असतो आणि तो करण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या एका मंडळीकडे असतो. आमच्या गावाची मंडळी तशीच ठरलेली आहे. आजच्या मालकांचे आजोबा पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जात, त्या काळापासूनची.

दशावताराचे दोन भाग असतात. पूर्वरंगाला आमच्याकडे आडदशावतार म्हणतात. त्यात नाईक, म्हणजे सूत्रधार, मृदंग आणि झांजेच्या साथीवर गातो, ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा करतो, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासूर येतो आणि विष्णू त्याचा वध करतो. उत्तररंगात पुराणातले एखादे आख्यान लावतात. त्याची संहिता लिहिलेली नसते. मालक रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागी, आख्यानाचे प्रसंग सांगतात, पार्ट वाटून देतात आणि संवाद प्रत्येक नट उभ्या जागी रचतो. नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडे पुरते. तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच नदीकाठची शिळा.

हा खेळ श्यामजी नाईक काळे यांनी 1728 मध्ये कोकणात आणला, असे परंपरेने सांगितले जाते. परंतु समर्थ रामदासांच्या (1608–1681) दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख येतो, म्हणजे खेळ त्याहून जुना ठरतो. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि तेथून आपण मराठी रंगभूमीची गणना करतो. त्या नाटकांच्या आरंभी येणारे सूत्रधाराचे पद, विदूषक, गणपती आणि मोरावरची सरस्वती पाहिली की, आमच्या सभामंडपातील आडदशावतार हा केवळ नाटकापूर्वीचा वेळकाढूपणा नाही, हे सहज लक्षात येते. हा मुद्दा मी येथे आवर्जून मांडतो आहे, कारण दुसऱ्या वर्षी नेमका तोच आम्ही विसरलो.

अडचण कशी उभी राहिली

पहिल्या वर्षी पालखी वेळेवर आत गेली आणि नाटक सुरू झाले. सभामंडपात वरून टांगलेले दोन माईक होते, बाहेर चार मोठे स्पीकर होते आणि देवळामागच्या माडाला एक भोंगा बांधलेला होता. रात्री पाऊण वाजता, संकासूर पुढच्या रांगेतल्या एका मुलाशी मालवणीत बोलत असताना पोलिसांची गाडी आली. कोणीतरी 112 वर तक्रार नोंदवली होती. आलेले हवालदार सभ्यपणे बोलले. पण ध्वनिक्षेपक तत्काळ बंद करावा लागेल, यावर ते ठाम होते.

यंत्रणा बंद झाली तो क्षण मला अजून स्पष्ट आठवतो. संकासुराचा वेष डोक्यापासून काळा असतो, तोंडावर काळे कापड आणि त्यावर लोंबती तांबडी जीभ. त्या कापडाआडून नट बोलत राहिला, पण पहिल्या दोन रांगांपलीकडे शब्द पोहोचेना. मागून ‘आवाज, आवाज’ असा ओरडा झाला, दुकानांच्या जनरेटरचा घरघराट एकाएकी सगळ्यांना ऐकू येऊ लागला आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत निम्मी माणसे उठून गेली. आख्यान आवरते घेऊन चार वाजता हंडी फोडली.

कायद्याची बाजू संदिग्ध नव्हती. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा रात्री 12 पर्यंत शिथिल करू शकते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले आहे. आमच्या भागात त्रिपुरी पौर्णिमेपासून पुढे प्रत्येक गावाची जत्रा आपापल्या तिथीला असते. 15 दिवसांच्या यादीत त्या सगळ्या बसणे शक्य नाही. आणि बसल्या तरी उपयोग किती? आमचे नाटक सुरू व्हायलाच 12 वाजतात.

गावात मात्र नियमाची चर्चा झाली नाही; तक्रार कोणी केली याचीच झाली. समुद्राकडच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधलेल्या एका बाहेरगावच्या गृहस्थांवर सर्वांचा संशय गेला आणि दोन महिने त्यांच्याशी कोणी नीट बोलले नाही. हा संशय चुकीचा होता, हे पुढे कळले.

विचारात घेतलेले पर्याय

पाडव्यानंतर झालेल्या बैठकीत पहिला सूर असा होता की, काही बदलू नये. परंपरा आहे, पोलीस तरी किती वेळा येतील. अर्जावर सही अध्यक्षांची असते आणि गुन्हा दाखल झाला तर तो त्यांच्यावर होतो, हे स्पष्ट झाल्यावर हा सूर मावळला. दुसरी सूचना नाटक हायस्कूलच्या बंद सभागृहात हलवण्याची होती, कारण बंद जागेपुरता नियमात अपवाद आहे. तिला मानकऱ्यांनी एका वाक्यात नकार दिला: नाटक देवीसमोर होते, देवीला सोडून होत नाही. मला तो नकार तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो.

तिसरा पर्याय संध्याकाळी नाटक उरकण्याचा होता. पालखी लवकर काढावी, साडेसहाला नाटक सुरू करावे, दहाला संपवावे आणि तेवढ्या वेळात बसावे म्हणून आडदशावतार वगळावा. चौथा पर्याय एका वयस्क गावकाराने मांडला: वेळ तीच ठेवा, यंत्र काढा. गावात वीज येऊन अजून 50 वर्षे झालेली नाहीत, त्याआधी नाटके गॅसबत्तीवर व्हायची आणि ती लोकांना ऐकू यायची, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मी इतिवृत्तात ते एका ओळीत नोंदवले आणि पुढे गेलो.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

संध्याकाळचा पर्याय निवडला गेला. तो नियमात बसत होता, माईक कायम राहत होता आणि मुंबईला परतणाऱ्यांना रात्रीची गाडी गाठता येणार होती. कागदावर त्यात खोट दिसत नव्हती. मंडळीला पत्र मी लिहिले. मालक भेटायला आले, पत्र घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “आडदशावतार काढल्यात तर मगे ऱ्हवला काय? नुसता नाटक.” तरीही गावाचा मान म्हणून त्यांनी होकार दिला.

दुसऱ्या वर्षीची जत्रा त्यामुळे उलटीपालटी झाली. साडेपाचला पालखी काढायची तर दुपारपासून रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या ओट्या पूर्ण होत नव्हत्या. पालखी पावणेआठला आत गेली आणि नाटकाला जेमतेम सव्वादोन तास उरले. प्रथेप्रमाणे रंगपटात पेटाऱ्यातील गणपतीच्या मुखवट्याची पूजा झाली, पण तो मुखवटा घालून कोणी बाहेर आलेच नाही. नाईकांनी दोन पदे म्हटली आणि एकदम आख्यानातला राजा प्रवेशला. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी तीनदा विचारले, “संकासूर खंय?” दहाला पाच मिनिटे असताना यंत्रणा बंद झाली आणि सव्वादहाला, पहाटेऐवजी रात्री, हंडी फुटली. अकराला पाणंद ओस पडली. दुकानदारांचा रात्रभराचा धंदा बुडाला. मानकऱ्यांनी तर पुढच्या बैठकीत सरळ विचारले की, रात्री केलेल्या काल्याला काला म्हणायचे का.

कायदा पाळला गेला होता, तक्रार आली नव्हती आणि तरीही जत्रा झाल्याचे समाधान कोणालाही नव्हते. आम्ही जे टाकले ते साडेतीनशे वर्षांहून जुने होते आणि जे धरून ठेवले, तो ध्वनिक्षेपक, गावात वीज आल्यानंतरचा होता. बैठकीत परंपरा हा शब्द सर्वांनी वापरला. पण त्यातले जुने काय आणि नवे काय, हे एकदाही तपासून पाहिले नाही.

तक्रारदार

त्या उन्हाळ्यात तक्रारीचा उलगडा अगदी अनपेक्षितपणे झाला. देवळामागच्या आवाठातील, म्हणजे वाडीतील, एका मानकऱ्याच्याच घरातील धाकट्या भावाने स्वतः येऊन सांगितले की, फोन त्याने केला होता. त्याची आई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली होती आणि माडावरच्या भोंग्याचे तोंड तिच्या खिडकीकडे होते. फोन करण्याआधी दोनदा त्याने यंत्रणा लावणाऱ्या मुलांना सांगितले होते, “म्हातारेक झोप लागणा नाय, भोंगो तेवढो पलीकडे वळवा.” कोणी वळवला नाही. भोंग्याची दिशा बदलायला पाच मिनिटे पुरली असती. नाटकाला त्याचा विरोध नव्हता. त्याच्या वडिलांनी याच सभामंडपात हौसेने ऋषीपार्ट केलेला होता.

त्याने मोठ्या मनाने असेही सुचवले की, भोंगा काढा आणि आतले स्पीकर लहान ठेवा, मी तक्रार करणार नाही. हा सोपा मार्ग होता आणि समितीत बऱ्याच जणांना तो पसंत होता. तो न स्वीकारण्याचा निर्णय मी या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा समजतो. एका घराच्या सौजन्यावर नियमभंग चालवला, तर उद्या दुसऱ्या घरात आजारी माणूस असेल तेव्हा आम्ही पुन्हा तेथेच येणार होतो. शिवाय दरवर्षी त्या कुटुंबाकडे उपकाराच्या भावनेने पाहावे लागले असते. समितीने त्या वयस्क गावकाराला बोलावून घेतले आणि त्यांचा पर्याय नव्याने मांडायला सांगितले.

दुसरा निर्णय

यंत्राशिवाय रात्रभर नाटक करायचे, तर काय काय बदलावे लागेल, याचा विचार गाव आणि मंडळी यांनी प्रथमच एकत्र बसून केला. देवीला कौल लावला, उजवा म्हणजे होकाराचा मिळाला. मालक मात्र साशंक होते. त्यांच्या नटांपैकी जे चाळिशीच्या आतले होते, त्यांनी माईकशिवाय पूर्ण रात्र कधीच काढलेली नव्हती. हंगामात लागोपाठ नाटके असतात आणि एका रात्रीत घसा बसला, तर पुढच्या गावाला काय सांगायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मंडळीने कोठेही नाटक घेऊ नये आणि त्या बुडालेल्या रात्रीच्या मानधनापैकी काही भाग ध्वनियंत्रणेच्या वाचलेल्या भाड्यातून देवस्थानाने द्यावा, असे ठरले. पूर्वरंग पूर्ण करायचा, हे कोणी वेगळे मांडावे लागले नाही.

जागेची मांडणी नाईकांनी सांगितली. ते स्वतः गॅसबत्तीच्या काळातील शेवटच्या पिढीचे. त्यांनी बाकडे गाभाऱ्यासमोरच्या दोन खांबांच्या मधोमध आणले, त्यामुळे नटाच्या पाठीशी चिऱ्याची भिंत आली. प्रेक्षकांना तीन बाजूंनी जवळ बसवले: पुढे मुले चटयांवर, त्यांच्यालगत कमी ऐकू येणारी वडीलधारी माणसे, मागे इतर. सभामंडपाच्या उघड्या बाजूंना ताडपत्र्या लावल्या, म्हणजे आतला आवाज आत राहील आणि आवाठाकडे कमी जाईल. दुकानांचा जनरेटर शाळेच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, नेला. त्या एका गोष्टीने जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेही पडला नाही.

पोलीस ठाण्याला लेखी कळवले. येथे एक अडचण पूर्णपणे सुटली नाही, हे नमूद केले पाहिजे. 2010 च्या दुरुस्तीनंतर या नियमांत वाद्यांचाही उल्लेख आलेला आहे, त्यामुळे ध्वनिक्षेपक काढला म्हणजे मृदंग आणि झांज आपोआप मोकळी झाली, असे म्हणता येत नाही. ठाण्यातून लेखी उत्तर आले नाही. तक्रार येणार नाही अशी व्यवस्था ठेवा, एवढेच तोंडी सांगण्यात आले. आवाठातल्या प्रत्येक घरी समितीचे दोघे जाऊन बोलले. हे पहिल्या वर्षीच करायला हवे होते.

ती रात्र

तिसऱ्या वर्षी पालखी पावणेबाराला आत गेली. नाईकांनी पहिले पद उचलले तेव्हा बाहेर गलका होता. तो दुसऱ्या कडव्यापर्यंत आपसूक उतरला, कारण ऐकायचे असेल तर गप्प राहण्यावाचून इलाज नव्हता. मृदंगवाल्यांनी डाव्या पुडीची कणीक थोडी जास्त लावून आवाज खाली घेतला होता आणि संवाद सुरू झाला की ते हात जवळजवळ उचलूनच घेत. हार्मोनियमने मात्र सुरुवातीला दोन प्रवेश झाकून टाकले. मग नाईकांनी मानेने खूण केली आणि भाता मंदावला.

संकासूर आला. त्याने पहिले वाक्य उजवीकडच्या माणसांना, तेच वेगळ्या शब्दांत डावीकडच्यांना आणि तिसऱ्यांदा समोरच्या मुलांना सांगितले. प्रत्येक फेरीत हशा पुढच्या बाजूला सरकत गेला. हा काही नवा शोध नव्हता. हीच पद्धत पूर्वी होती, असे वयस्क मंडळींनी नंतर सांगितले. माईक आल्यावर एकदा बोलून सगळीकडे ऐकू जाऊ लागले आणि ती मोडली.

आख्यानात आणखी एक गोष्ट लक्षात आली, जिचा आमच्यापैकी कोणीच आधी विचार केला नव्हता. माईक टांगलेले असताना प्रत्येक नट बोलायच्या वेळी त्यांच्या खाली येऊन उभा राहत असे, त्यामुळे राजा, राणी आणि राक्षस हे सगळे एकाच हातभर जागेत बोलत. आता ती सक्ती उरली नाही. युद्धाच्या वेळी दोन्ही नट तलवारी घेऊन सभामंडपाच्या पूर्ण रुंदीत गोल फिरले, मृदंग चढला आणि चटईवरची मुले पाय आखडून मागे सरली. स्त्रीपार्ट करणारा तरुण नट मात्र शोकाच्या प्रवेशात कमी पडला. आवाज मोठा करायला गेला की त्यातले बाईपण जात होते आणि हळू बोलला की मागे पोहोचत नव्हते. शेवटी त्याने बोलणे सोडून पदच म्हटले आणि प्रवेश तरला.

निष्पत्ती

हंडी पहाटे साडेपाचला फुटली. तक्रार आली नाही. आवाठातल्या त्या घरी मृदंग ऐकू येत होता, शब्द ऐकू येत नव्हते आणि म्हातारीला पहाटेपर्यंत झोप लागली, असे मुलाने सांगितले. शेवटपर्यंत बसलेली माणसे पहिल्या वर्षीपेक्षा कमी होती. माझ्या अंदाजाने दीडशेच्या आसपास. पूर्वी दुकानात खाजे खाता खाता नाटक कानावर पडायचे, ते आता बंद झाले आणि ज्यांना सभामंडपात दाटीने बसणे नको होते, ते घरी गेले. दुकानदार यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी खोटी नाही.

मंडळीलाही किंमत मोजावी लागली. राजपार्ट करणाऱ्या नटाचा घसा तीन दिवस बसला. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पण तिसऱ्या दिवशीच्या नाटकात त्याला दुय्यम पार्ट घ्यावा लागला. हा तोटा आमच्या हिशेबात नव्हता.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या तक्रारीनंतर तक्रारदाराची गाऱ्हाणी ऐकण्याऐवजी त्याचे नाव शोधण्यात दोन महिने गेले आणि एका निरपराध माणसाला गावाचा अबोला सोसावा लागला. त्यांच्याकडे समितीने जाऊन दिलगिरी व्यक्त केली, तीही उशिरा. दुसऱ्या वर्षीचा निर्णय घेताना मंडळीला आम्ही केवळ कळवले, विचारले नाही. मालकांचे ते एक वाक्य इतिवृत्तात नीट उतरवले असते आणि बैठकीत पुन्हा वाचले असते, तर एक जत्रा वाया गेली नसती. तिसऱ्या वर्षीही घाई झालीच. तरुण नटांना सभामंडपात आधी एक-दोन संध्याकाळ उभे करून आवाजाचा अंदाज घेऊ दिला असता, तर स्त्रीपार्टाची ती ओढाताण आणि राजपार्टाचा घसा, दोन्ही बहुधा टळले असते.

येत्या जत्रेसाठी मंडळीने तीन गोष्टी कळवल्या आहेत. बाकडे आणखी हातभर भिंतीकडे सरकवावे, तालमीसाठी सभामंडप दोन संध्याकाळ मिळावा आणि सुट्टी एका रात्रीऐवजी दोन रात्रींची असावी. पहिल्या दोन मागण्या समितीने लगेच मान्य केल्या. तिसऱ्या मागणीसाठी लागणारे पैसे ध्वनियंत्रणेच्या वाचलेल्या भाड्यातून पूर्ण भागत नाहीत. उरलेली रक्कम वर्गणीतून काढावी की देवस्थानाच्या उत्पन्नातून, यावर पुढच्या बैठकीत निर्णय होईल आणि त्या बैठकीला या वेळी मालक आणि नाईक, दोघांनाही बोलावले आहे.